कंपोझिट किल्ली: फक्त बोदवडच्या पावत्यांना ओळी दिसत नाहीत

तारेतली_पावती, जळगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबणार आहे, आधीच सांगतो. आणि देवनागरीत 'की' लिहिलं की वाचणारा अडखळतो, म्हणून प्रायमरी कीला, म्हणजे टेबलातली प्रत्येक नोंद वेगळी ओळखणाऱ्या खुणेला, मी सरळ किल्ली म्हणतोय. ती एकाहून जास्त कॉलमांची असली की कंपोझिट. चालवून घ्या.

एका जिनिंगच्या कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलंय. मी लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं तो पुण्याला गेला आणि फोन उचलत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही नसता उचलला. जावातलं स्प्रिंग बूट 2.7 आहे, म्हणजे आत हायबरनेट 5.6 (जावातल्या वस्तू टेबलांशी जोडणारी लायब्ररी), आणि खाली पोस्टग्रेस डेटाबेस.

काम साधं आहे. शेतकरी ट्रॅक्टर नाहीतर छोटा हत्ती भरून येतो, भुईकाट्यावर भरलेल्या गाडीचं वजन होतं, कापूस ओतला की रिकाम्या गाडीचं होतं आणि पावती फाटते. पावतीचा नंबर दर हंगामाला एकपासून सुरू होतो. केंद्रं दोन, धरणगाव आणि बोदवड, आणि दोघांची पावतीपुस्तकं वेगळी. म्हणजे नुसतं '214' म्हणून काही कळत नाही. कोणत्या हंगामाची, कोणत्या केंद्राची, तेही सांगावं लागतं. टेबलाची प्रायमरी किल्ली त्यामुळे तीन कॉलमांची आहे: हंगाम, केंद्राचा कोड, क्रमांक. पावतीखाली ओळी असतात, कारण एकाच गाडीत पहिल्या वेचणीचा माल वेगळा, फरदड वेगळी, कवडी वेगळी, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. ओळींच्या टेबलाची किल्ली चार कॉलमांची, म्हणजे पावतीचे तीन आणि ओळीचा क्रमांक.

कोडमध्ये पावतीकिल्ली नावाचा क्लास आहे, एम्बेडेबल (दुसऱ्या क्लासच्या आत बसणारा), आणि पावतीच्या एंटिटीत, म्हणजे टेबलाशी जोडलेल्या क्लासमध्ये, तो एम्बेडेडआयडी म्हणजे किल्ली म्हणून बसवलाय. पहिल्या वर्षी त्यात केंद्र आणि क्रमांक एवढेच होते. दुसरा हंगाम उजाडल्यावर हंगामाचा कॉलम वाढवला. हे मला गिटच्या इतिहासावरून कळलं, सांगणारं कोणी नव्हतं.

आता दुखणं. पहिलं माझ्या घरातूनच निघालं. माझे काका याच जिनिंगला कापूस टाकतात आणि बऱ्याचदा भाव नंतर ठरवायचा म्हणून पैसे मागे ठेवतात. त्यामुळे शेठने दोन हंगामांचा मिळून गाववार उतारा मागितला. मी काढून दिला. काकांनी पावत्या तारेत ओवून ठेवलेल्या. त्यांनी ताडून पाहिलं तर 2022-23 ची धरणगावची 214 नंबरची पावती उताऱ्यात होती, पण वजन 11.40 क्विंटलऐवजी 8.65, आणि नाव गावातल्या दुसऱ्याच माणसाचं. काका म्हणाले, "तुना कॉम्प्युटरपेक्षा मनी तार बरी शे." आठ दिवस झाले, रोज ऐकवतात.

दुसरं दुखणं बोदवडचं. हे केंद्र यंदाच सुरू झालं. पावती उघडली की वरचा मुखडा बरोबर येतो, खाली ओळी रिकाम्या. धरणगावच्या पावत्यांना काहीच त्रास नाही. डेटाबेसात बोदवडच्या ओळी नीट आहेत, डोळ्यांनी पाहिल्या.

तिसरं: मला पावतीतून केंद्राच्या एंटिटीकडे मेनी-टू-वन (अनेक पावत्या, एक केंद्र असं नातं) हवं होतं, केंद्राचं नाव-पत्ता छापायला. ते लावलं की ॲप उठतच नाही. 'रिपीटेड कॉलम इन मॅपिंग' म्हणून ओरडतं आणि इन्सर्ट, अपडेट फॉल्स करा असं सुचवतं. ते केलं तर चालेल का, की आणखी काही बिघडेल?

टेबलांना हात लावायला शेठ तयार नाहीत. मुनीमजींच्या एक्सेलचे धागे थेट त्याच टेबलांना बांधलेत.

भुसावळ_यार्ड

आयडी लाव भो, मोकळा हो. एक बिगइंट, म्हणजे मोठा पूर्णांक, डेटाबेसाच्या सीक्वेन्सवरून आपोआप चढत जाणारा, विषय संपला. तीन कॉलमांची किल्ली म्हणजे प्रत्येक जॉइनमध्ये तीन अटी, प्रत्येक यूआरएलमध्ये तीन तुकडे. मी असली भानगड दोनदा निस्तरलीय, तिसऱ्यांदा नाही.

तारेतली_पावती, जळगाव

हाव भो, पण शेवटची ओळ वाचली नाही का? टेबलाला हात लावायचा नाही.

पांझराकाठ, धुळे

भुसावळवाल्यांचं म्हणणं नव्या टेबलासाठी बरोबर आहे, पण तुमचा प्रश्न तो नाही. पहिल्या दुखण्याचं कारण मला न पाहता दिसतंय. पावतीकिल्लीचं इक्वल्स आणि हॅशकोड इथे टाका, म्हणजे दोन किल्ल्या एकच आहेत का हे जावा ज्यावरून ठरवतो तो कोड. पैज लावते, त्यात हंगाम नसेल.

पहिल्या वर्षी आयडीईकडून इक्वल्स बनवून घेतलं असणार, दोन फील्डचं. दुसऱ्या वर्षी फील्ड वाढवलं, गेटर-सेटर वाढवले, इक्वल्स तसंच राहिलं. कंपाइलर याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता 11.40 चे 8.65 कसे झाले ते सांगते. उतारा काढताना तुम्ही किल्लीवरून हॅशमॅप (किल्ली दिली की तिच्यापुढचा माल देणारी यादी) भरत असणार. आधी 2022-23 ची 214 गेली, मग यंदाची 214 आली. तुमच्या इक्वल्सच्या मते दोन्ही एकच. अशा वेळी जावाचा हॅशमॅप नवी किल्ली ठेवत नाही. जुनी किल्ली तिथेच राहते, फक्त तिच्यापुढचा माल बदलतो. तुम्ही मथळा किल्लीवरून छापताय आणि नाव-वजन मालावरून. म्हणून पावती मागच्या हंगामाची आणि कापूस यंदाच्या माणसाचा. तुमच्या काकांची तार अगदी बरोबर सांगते आहे.

तुम्ही पुढे विचाराल की मग एकेक पावती उघडताना असा घोळ का होत नाही. हायबरनेट 5 सेशनमध्ये (डेटाबेसाशी चालू असलेल्या एका कामात) ऑब्जेक्ट ओळखताना किल्लीच्या मॅप केलेल्या फील्डची एकेक करून तुलना करतं. तुमच्या इक्वल्सवर ते फारसं विसंबत नाही. म्हणून फाइंड बरोबर चालतं आणि तुमचा स्वतःचा मॅप चुकतो. यामुळेच असला बग वर्षभर लपून राहतो. जेपीएचा, म्हणजे हायबरनेट पाळतं त्या जावाच्या मानकाचा, नियम मात्र स्पष्ट आहे: किल्लीचा क्लास पब्लिक हवा, रिकामा कन्स्ट्रक्टर हवा, सीरियलायझेबल हवा, इक्वल्स आणि हॅशकोड हवेत. आणि डेटाबेस ज्याला 'तेच' म्हणतो त्यालाच इक्वल्सने 'तेच' म्हणायला हवं.

या शेवटच्या वाक्यात तुमच्या दुसऱ्या दुखण्याचंही बीज असेल असं वाटतंय. आधी हे दुरुस्त करून बघा.

तारेतली_पावती, जळगाव

ताई, पैज जिंकलात. इक्वल्समध्ये फक्त केंद्र आणि क्रमांक. हंगाम घातला, उतारा पुन्हा काढला, काकांची 214 आता 11.40 वर आहे. त्यांना दाखवलं. "बरं" म्हणाले. एवढंच.

बोदवड अजून तसंच. ओळींसाठी त्या माणसाने असं केलंय: दिवसभराच्या सगळ्या ओळी एका क्वेरीत आणायच्या, पावतीकिल्लीवरून मॅपमध्ये गट करायचे, मग स्क्रीनवरून आलेल्या तीन तुकड्यांची नवी किल्ली बनवून मॅपमधून उचलायचं. डीबगर लावला. मॅपमध्ये किल्ली दिसते, डोळ्यांना हुबेहूब तीच, आणि गेट केलं की नल, म्हणजे काहीच नाही.

पांझराकाठ, धुळे

बोदवडचा कोड किती अक्षरी आहे?

तारेतली_पावती, जळगाव

5. धरणगावचा 6. का हो?

पांझराकाठ, धुळे

आणि कॉलम कॅर 6 आहे ना? लागेल तेवढ्या लांबीचा व्हारकॅर नाही, ठरलेल्या लांबीचा नुसता कॅर.

तसं असेल तर सापडलं. कॅर 6 मध्ये पाच अक्षरं टाकली की पोस्टग्रेस शेवटी एक मोकळी जागा भरून सहा करतो, आणि वाचतानाही सहाच परत देतो. डेटाबेसात तुलना करताना कॅरच्या शेवटच्या मोकळ्या जागा तो धरत नाही, म्हणून वेअरच्या अटीवर मुखडा बरोबर सापडतो. जावाची स्ट्रिंग मात्र ती जागा धरते. डेटाबेसातून आलेली किल्ली 'बोदवडचा कोड आणि एक मोकळी जागा', स्क्रीनवरून आलेली नुसता कोड. इक्वल्स खोटं म्हणणारच. धरणगावचा कोड सहाच्या सहा भरतो, म्हणून तिथे दोन वर्षं कुणाला काही कळलं नाही.

खात्री करायची तर दोन्ही किल्ल्यांमधल्या कोडची लांबी छापा. किंवा कोडच्या दोन्ही बाजूंना कंस लावून छापा. डीबगरच्या खिडकीत शेवटची मोकळी जागा कुणालाच दिसत नाही.

असेच आणखी दोन चोर आहेत, कधी ना कधी भेटतीलच. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकूर जुळवायच्या नियमांत) लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखी मानली जातात, जावात नाहीत. आणि किल्लीत कुणी बिगडेसिमल (जावातला नेमक्या दशांशाचा आकडा) घातलं तर 12.5 आणि 12.50 ही त्याच्या इक्वल्सच्या मते दोन वेगळी माणसं.

तारेतली_पावती, जळगाव

लांबी छापली. 6 आणि 5. मी काल रात्री दीडपर्यंत कॅशे साफ करत बसलो होतो. त्याचे पैसे कोणाकडे मागू?

कन्व्हर्टर (वाचता-लिहिताना किंमत बदलणारा कोड) लावून शेवटची मोकळी जागा ट्रिम करू का?

पांझराकाठ, धुळे

किल्लीच्या फील्डवर कन्व्हर्टर लावू नका. जेपीएच्या स्पेसिफिकेशनमध्ये आयडीच्या फील्डसाठी कन्व्हर्ट वापरू नये असं म्हटलंय. हायबरनेटच्या एखाद्या आवृत्तीत चालेलही, पुढच्यात बंद पडेल.

खरा उपाय कॉलम व्हारकॅर करणं. कॅरचं व्हारकॅर करताना पोस्टग्रेस शेवटच्या मोकळ्या जागा स्वतःच काढून टाकतो. मुनीमजींच्या एक्सेलला फरक पडू नये, कॉलमचं नाव तेच राहतं. शेठना सांगा, टेबल बदलत नाही, फक्त शेपूट कापतोय. ओळींच्या टेबलातला कॉलमही त्याच वेळी बदला, एकच बदलून दुसरा विसरू नका. तोवर गट करण्याच्या जागी ट्रिम केलेली किल्ली बनवा. ते ठिगळच आहे, पण हंगामात ठिगळही चालतं.

जुना_एक्सएमएल, अमळनेर

तिसऱ्या दुखण्याला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. मी हे काम ॲनोटेशन, म्हणजे कोडवरच लिहायच्या मॅपिंगच्या खुणा, रुळायच्या आधीपासून करतोय. तेव्हा मॅपिंगसाठी एचबीएम नावाच्या एक्सएमएल फायली असायच्या. त्यात कंपोझिट-आयडी टॅग, आत की-प्रॉपर्टी, आणि किल्लीचा एखादा भाग दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवत असेल तर की-मेनी-टू-वन. पत्त्यासारख्या गोष्टींना कंपोनंट टॅग. तुझ्या वेळी त्याचं नाव एम्बेडेबल झालं, आतला माणूस तोच आहे. त्या काळी काही लोक किल्लीसाठी वेगळा क्लासच करायचे नाहीत, एंटिटीच स्वतःची किल्ली. मग पावती शोधायला आधी एक रिकामी पावती बनवून तिच्यात तीन फील्ड भरायची आणि तीच शोधायला द्यायची. घराची चावी म्हणून दुसरं घर दाखवावं तसं. हायबरनेटचे लोक स्वतःच ते करू नका म्हणायचे.

तर तुझा केंद्राचा कॉलम. तो किल्लीत एकदा मॅप झालाय आणि मेनी-टू-वनने पुन्हा झाला. एकाच कॉलमात दोघं लिहायला लागले तर कोणाचं खरं मानायचं, म्हणून हायबरनेट उठतच नाही. रस्ते दोन आहेत.

एक, ते सुचवतंय तसं जॉइनकॉलमवर इन्सर्टेबल आणि अपडेटेबल फॉल्स. म्हणजे लिहिण्याचा हक्क किल्लीचा, केंद्र फक्त वाचायला. छापण्यापुरतं हवं असेल तर पुरेसं आहे. पण लक्षात ठेव, नवी पावती बनवून सेटकेंद्र केलंस तर डेटाबेसात त्याने काही होत नाही. आणि किल्लीत कोड घालून सेटकेंद्र विसरलास तर त्याच सेशनमध्ये गेटकेंद्र नल येईल, पुन्हा वाचेपर्यंत.

दुसरा मॅप्सआयडी. हे जेपीए 2.0 मध्ये, 2009 साली आलं, त्याआधी पहिलाच रस्ता होता. यात केंद्राच्या नात्यावर लिहायचं की किल्लीतलं कोडचं फील्ड माझ्याकडून भर. केंद्राचं ऑब्जेक्ट लावलं की कोड आपोआप किल्लीत जातो. एकच अट, किल्लीचं ऑब्जेक्ट तू आधी न्यू करून ठेवलेलं हवं. नाहीतर रिफ्लेक्शनचा एक लांबलचक एरर येतो आणि त्यात किल्लीचं नावसुद्धा धड नसतं.

ओळींसाठी तर मॅप्सआयडीच लाव. ओळकिल्लीत तीन सुटी फील्डं पुन्हा लिहू नकोस. आख्खी पावतीकिल्ली एक फील्ड म्हणून ठेव, शेजारी ओळीचा क्रमांक, आणि पावतीच्या नात्यावर मॅप्सआयडीने त्या फील्डचं नाव. तीन जॉइनकॉलम लागतील. प्रत्येकाला रेफरन्स्ड कॉलमचं नाव लिहीच. क्रमावर भरवसा ठेवलास तर हंगाम केंद्रात आणि केंद्र हंगामात जाईल, आणि दोन्ही मजकूर असतील तर एररही येणार नाही.

कोणी आयडीक्लास सुचवील, म्हणजे किल्लीची फील्डं एंटिटीत सुटी ठेवायची पद्धत. वाईट नाही, क्वेरीत 'पावती.आयडी.हंगाम'ऐवजी 'पावती.हंगाम' लिहिता येतं. पण तीच फील्डं एंटिटीत आणि क्लासमध्ये, दोन जागी, त्याच नावाने. ज्या घरात इक्वल्सला एक फील्ड वाढवायचं राहिलं, तिथे दोन जागी सांभाळायला देऊ नये.

वजनाचं काय केलंय? भरलेलं, रिकामं, ओलावा असा कंपोनंट केला असेल तर एक खड्डा आहे.

तारेतली_पावती, जळगाव

काका, तुम्ही माझ्या स्क्रीनमागे उभे आहात का? अगदी तसाच कंपोनंट आहे. गाडी रांगेत असताना टोकन देतो तेव्हा पावतीची नोंद होते, वजन नंतर. आणि रोज सकाळी लॉगमध्ये चार-पाच नलपॉइंटर (नसलेल्या वस्तूला हात लावल्याचे एरर) असतात. ते कुठून येतात ते मला कळलंच नव्हतं.

जुना_एक्सएमएल, अमळनेर

तेच. कंपोनंटचे सगळे कॉलम नल असले की हायबरनेट रिकामं वजनाचं ऑब्जेक्ट देत नाही, आख्खं वजनच नल देतं. तू रिकामं वजन ठेवलंस काय आणि नल ठेवलंस काय, डेटाबेसात दोन्ही सारखीच दिसतात, मग परत येताना ते फरक कसा करणार? म्हणून टोकनच्या अवस्थेत निव्वळ वजन विचारलंस की आपटणार. गेटरमध्ये नल तपास, नाहीतर टोकन ही वेगळीच गोष्ट कर.

दुसरा खड्डा त्याच्याच शेजारी. भरलेलं वजन झालं, रिकामं व्हायचंय, आणि रिकाम्याचं फील्ड साधं डबल असेल तर वाचतानाच एरर. नलला बसायला डबलमध्ये जागा नाही. बिगडेसिमल कर. पैशाचा आणि वजनाचा हिशेब डबलमध्ये करू नये हे वेगळं सांगत नाही, शून्य पूर्णांक काहीतरी किलोवरून मुनीमजी तुला झोपू देणार नाहीत.

आणि शेतकऱ्याचा पत्ता, गाडीवाल्याचा पत्ता असा एकच पत्ता कंपोनंट दोनदा वापरला असशील तर तिथे अ‍ॅट्रिब्यूटओव्हरराइड लावून कॉलमांची नावं वेगळी दे, नाहीतर पुन्हा तोच 'रिपीटेड कॉलम'.

शहादेकर

मधेच बोलतो. मी जमिनीच्या नोंदींचं काम करतो, सातबारा बघून पीककर्जाच्या याद्या बनवायच्या. आमच्याकडे कोणीतरी हुशारीने गाव आणि गट नंबर ही किल्ली केली होती. कागदावर बरोबर, कारण माणसं जमीन अशीच ओळखतात. मग भावाभावांची वाटणी झाली. गट 45 चे 45/1 आणि 45/2 झाले. किल्लीच बदलली. कोडमध्ये सेटर मारून बदलायला गेलो तर हायबरनेट म्हणतं, आयडेंटिफायर अमुकचा तमुक झाला, आणि थांबतं. बरोबरच आहे त्याचं. त्याच्या दृष्टीने ती आता दुसरी वस्तू आहे. पाच टेबलांतल्या फॉरेन किल्ल्या, म्हणजे या किल्लीकडे बोट दाखवणारे कॉलम, हाताने हलवल्या. त्यानंतर आत आकडी आयडी, आणि गाव-गट-हिस्सा यावर युनिक (दोनदा येऊ न देणारी अट) आणि नॅचरलआयडी (माणसं ओळखतात ती खूण). सातबाऱ्यावर आता भू-आधार क्रमांकही येतो, तोही नुसता एक कॉलम म्हणून ठेवलाय. त्याचीही किल्ली करणार नाही. एकदा पोळलोय.

भुसावळ_यार्ड

मी पहिल्याच ओळीत काय म्हणलो होतो?

पांझराकाठ, धुळे

भुसावळात राहून असं म्हणताय याचं नवल वाटतं. तुमच्या यार्डातल्या वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर, 11 आकडे रंगवलेले असतात ना? पहिले दोन वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन कोणत्या रेल्वेची, मग दोन बांधणीचं वर्ष, चार तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा तपासणीचा आकडा. कंपोझिट किल्लीच आहे ती, रुळांवरून फिरणारी. ती टिकते कारण तिच्यातल्या गोष्टी जन्माच्या वेळी ठरतात. बांधणीचं वर्ष वाघिणीच्या आयुष्यात बदलणार नाही. गट नंबर बदलतो, कारण तो वाटणीच्या हाती असतो. पावती वाघिणीसारखी आहे की गटासारखी, एवढं तुम्ही ठरवा.

भुसावळ_यार्ड

ताई, वाघिणी मी मोजत नाही, मी सॉफ्टवेअर लिहितो. पण मुद्दा पोहोचला.

तारेतली_पावती, जळगाव

मुनीमजींना विचारलं, पावतीचा नंबर, केंद्र किंवा हंगाम कधी बदलतो का. ते असे बघायला लागले जणू मी त्यांच्या वडिलांचं नाव बदलायला सांगतोय. पावती चुकीच्या केंद्रावर फाटली तर? तर तिच्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहायचं आणि नवी फाडायची. पुस्तकातला नंबर तसाच राहतो. म्हणजे पावती वाघीण आहे.

आता कळलं की आमच्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर शहादेकरांचाच एरर अधूनमधून का यायचा. त्या स्क्रीनवर केंद्र बदलायची ड्रॉपडाउन दिली होती! काढून टाकली. तिच्या जागी 'रद्द करून नवी काढा' असं बटण. नव्या किल्लीने नवी पावती, ओळींच्या प्रती, जुनीवर शेरा. ऑपरेटर पोरगा म्हणाला, आधीपासून असंच हवं होतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

एक नवा प्रश्न. दुसऱ्या केंद्राची फाइल रात्री आयात होते, काही शे पावत्या. लॉग बघितला तर प्रत्येक इन्सर्टच्या (नवी नोंद घालण्याच्या) आधी एक सिलेक्ट (शोध). का?

जुना_एक्सएमएल, अमळनेर

स्प्रिंग डेटाच्या सेव्हमुळे. वस्तू नवी की जुनी हे तो आयडी नल आहे का यावरून ठरवतो. तुझी किल्ली आधीच भरलेली, म्हणजे त्याच्या मते जुनी, म्हणून मर्ज, असलेल्या नोंदीत मिसळणं. आणि मर्ज आधी बघून येतो की आहे का. व्हर्जनचा कॉलम असता तर त्यावरून ठरवलं असतं, पण टेबल वाढवायचं नाही म्हणतोस. पर्सिस्टेबल इंटरफेस लाव एंटिटीला, आणि इझन्यूचं उत्तर स्वतः दे: बनवली तेव्हा खरं, वाचली किंवा साठवली की खोटं. किंवा आयातीत रिपॉझिटरी सोडून थेट पर्सिस्ट मार, म्हणजे नवीच म्हणून साठव. आयातीपुरतं मी दुसरं करीन.

शहादेकर

एक छोटी भर, उद्या नवं टेबल बनवशील तेव्हासाठी. स्कीमा हायबरनेट 5 कडून बनवून घेतलास तर एम्बेडेडआयडीतले कॉलम तू लिहिलेल्या क्रमाने बसत नाहीत, फील्डच्या नावाच्या एबीसीडी क्रमाने बसतात. प्रायमरी किल्लीचा इंडेक्सही त्याच क्रमाने. तुझ्या सगळ्या क्वेऱ्या हंगामापासून सुरू होतात आणि इंडेक्स केंद्रापासून सुरू झाला तर हंगामभराचा उतारा काढताना तो फारसा कामाचा नाही. डीडीएल, म्हणजे टेबल बनवायचं एसक्यूएल, हाताने लिही.

तारेतली_पावती, जळगाव

झालं ते लिहितो, कुणाला पुढे लागलं तर.

इक्वल्स आणि हॅशकोड तिन्ही फील्डचे. त्याला एक टेस्ट: दोन हंगामांची तीच 214, सेटमध्ये टाकून आकार 2 यायला हवा. दुसरी टेस्ट बोदवडच्या कोडची, डेटाबेसातून वाचून स्क्रीनवरच्या किल्लीशी जुळवायची. जावा 17 आहे म्हणून किल्ली रेकॉर्डच (जावाचा आटोपशीर डेटा-क्लास) करून टाकू असं वाटलं होतं, इक्वल्स फुकट मिळतं, पण हायबरनेट 5.6 रेकॉर्डला एम्बेडेबल मानत नाही, त्यासाठी 6.2 पासून पुढचं लागतं. ते हंगाम संपल्यावर.

केंद्रासाठी वाचण्यापुरतं नातं, इन्सर्टेबल-अपडेटेबल फॉल्स. ओळींसाठी मॅप्सआयडी, जॉइनकॉलमची नावं लिहून. वजनात बिगडेसिमल, टोकनच्या वेळी नल तपास. आयात थेट पर्सिस्टने, सिलेक्ट गेले.

व्हारकॅरचं शेठना ताईंच्याच शब्दांत सांगितलं, शेपूट कापतोय म्हणून. हसले आणि रविवारी काटा बंद असताना करा म्हणाले. मुनीमजींनी आधी एक्सेलची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह तिजोरीत ठेवला, मग "चालू द्या" म्हणाले. दोन्ही टेबलं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलली. बोदवडच्या ओळी दिसताहेत.

काकांसाठी दोन्ही हंगामांचा उतारा पुन्हा छापला. ओट्यावर बसून त्यांनी तारेतली एकेक पावती काढून ताडली, तासभर. सगळं जुळलं, शिवाय उताऱ्यात एक पावती जास्त निघाली, मागच्या जानेवारीतली, 3.20 क्विंटल फरदड. तारेत ती नव्हतीच. काकू आतून म्हणाली, ती डब्यात आहे, दुधाच्या हिशेबाच्या मागे लिहायला घेतली होती.

धागा बंद करतोय. उद्या काटा सातला सुरू होतो.